बायकांचा 'मी'

पुन्ता इकाको, ६ मार्च २०१८

फिले,

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी तू सोलत होतीस आणि मी किसत होते. पाच टोपल्या कसावा आपण आदल्या दिवशी मळ्यातून डोक्यावरून आणला होता. तुझ्या सुरीला धार नव्हती, म्हणून दर चार कंदांनंतर तू ती पायरीच्या दगडावर घासत होतीस. मी म्हटलं, "सुरी घास, जीभ नको. तिला आहे तेवढी धार पुरे." पास्तोरा मावशी भिंतीशी बसून तिच्या किसणीच्या फळीवर सगळं अंग टाकून किसत होती. ती मध्येच म्हणाली, "भांडा गं, भांडा. भांडणाशिवाय कीस बारीक पडत नाही." माझ्या क्रिसान्तोने लाकडांचा भारा आणून टाकला, चुलीपाशी काही खायला आहे का ते पाहिलं आणि परत किनाऱ्यावर गेला. काही नव्हतं. किसातून निथळलेल्या कडू, विषारी पाण्याचा टोप कोंबड्यांपासून लांब ठेव, असं मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, "अक्का, कोंबड्यांना कळतं. माणसांनाच सांगावं लागतं."

मग तू हात धुतलेस, चांगले बूट घातलेस आणि नऊच्या बसने शहरात जमीन-समितीच्या बैठकीला निघालीस. फाटकातून वळून सगळ्यांना ऐकवलंस, "कोणी कागद घेऊन आलं तर सही करायची नाही. अंगठा द्यायचा नाही. कॉफीसुद्धा विचारायची नाही."

"घरात कॉफी असली तर विचारू ना!" मावशी म्हणाली आणि आपण सगळ्याच हसलो.

एवढीच ती सकाळ. अलीकडे मला ती रोज आठवते.

फोन तू उचलत नाहीस. नंबर बदललास असंही कोणी म्हणतं. म्हणून लिहिते आहे. पास्तोरा मावशीची सून परत न्यूयॉर्कला निघाली आहे. तिच्या पेटीत तुझ्यासाठी कसाव्याच्या वीस भाकऱ्या आहेत, त्यांत हे पत्र घालते. अक्षर माझंच आहे. हो, तुझ्या अक्काचं. दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं नाही.

क्रिसान्तोला जाऊन पाच वर्षं होतील. वर्ष सरल्यावर आपल्या रीतीने आम्ही त्याच्या आत्म्याला आंघोळ घातली होती. घरामागे खड्डा खणला, नवा सदरा, पँट, टॉवेल, साबणाची वडी, सगळं मांडलं. गाव त्याच्यावर रागावलेलं होतं, तरी नाइलाजाने का होईना, माणसं आली. एकेकाने एकेक बादली ओतली. "घे रे, हे तुझं आंघोळीचं पाणी." तू आली नाहीस, ते समजू शकते, तिकडून येणं सोपं नाही. पण तू काही कळवलंही नाहीस. तुझ्या नावाची बादली कोण ओतणार, असं मावशीने विचारलं. मी म्हटलं, राहू दे ती. ती भरलेली तशीच राहिली. संध्याकाळी कोंबड्या प्यायल्या.

मेलेल्या माणसावर राग धरू नये, हे तुला मी शिकवायचं का?

असो. लिहिण्याचं कारण वेगळं आहे. मळ्याचा खटला अखेर उभा राहिला. आईचा मळा, वरचा माझ्या पेरणीचा आणि खालचा ओढ्यापर्यंतचा तुझ्या, अकरा वर्षं तारेच्या आत आहे. हॉटेल काही झालं नाही. चार खांब आहेत, एक पाटी आहे, तिच्यावर निळ्या पाण्यात पोहणाऱ्या गोऱ्या बायकांचं चित्र आहे. पावसाने त्यांची तोंडं गेली, पाय तेवढे उरलेत. आणि बंदूकवाला पहारेकरी आहे. ९ मेची तारीख लागली आहे. हा मळा सुटला तर ओढ्यापलीकडच्या नऊ बायकांचे मळेही सुटतील, कारण सगळ्यांचं कुंपण आपल्या मळ्याच्या या एका विक्रीच्या कागदावर उभं आहे.

समितीला मी साक्षीला हवी आहे. मावशी म्हणते, "सही क्रिसान्तोने केली. तो गेला. तू त्याची बायको. त्याने कोणाच्या नादी लागून केली ते तूच सांगणार." मला काय सांगायचं ते कळत नाही. तू समितीत होतीस, तुला कोर्टात बोलता येतं. काय सांगू ते लिही.

तुझी अक्का,
सेबिया

पुन्ता इकाको, २ एप्रिल २०१८

फिले,

तुझा निरोप मिळाला. मावशीच्या सुनेने तुझा आवाज फोनवर धरून पाठवला. "अक्काला म्हणावं, भाकरी पाठव, कागद नको." तेवढंच. आवाज जाड झालाय तुझा. थंडीने असेल. मी तो सातआठदा ऐकला. मावशी म्हणाली, "पुरे आता, तिने भाकरी मागितलीय, मिठी नाही."

भाकऱ्या पाठवते आहे. कागद त्यांच्या खाली आहे.

मी वाचायला कशी शिकले ते तू विचारणार नाहीस, तरी सांगते. क्रिसान्तो गेल्यावर घरात बोलायला कोणी नव्हतं. पहिल्यांदा मिठाच्या पिशवीवरचं वाचलं. मग औषधाच्या बाटल्या, चर्चची पुस्तिका, मासे बांधून आलेली जुनी वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रात नेहमी माशाच्या पोटाखालची बातमी मधोमध विरघळलेली असायची, त्यामुळे कितीतरी खून कोणी केले ते मला कळलेलं नाही. आता शाळेतल्या कपाटातली पुस्तकं मास्तर देतो. दोन कपाटांपैकी एक संपलं. लिहिते स्पॅनिशमध्ये, तेच वाचायला शिकले. मनात मात्र आपलंच बोलणं चालू असतं.

गेल्या आठवड्यात लिसेत आली होती. बाल्बिनाची नात, जिला जंत झाले तेव्हा तू खांद्यावर टाकून दवाखान्यात नेली होतीस, ती. आता वकीलीण आहे, समितीचा खटला तीच चालवते. केसांच्या बारीक वेण्या, पायात तुझ्यासारखेच बूट. आली, दार लोटून घेतलं आणि फाईल माझ्या मांडीवर ठेवली.

"काकू, तुम्ही आता वाचता असं ऐकलं."

"वाचते."

"मग हे वाचा. कोर्टातून नक्कल मिळाली."

त्या कागदाची मी अकरा वर्षं वाट पाहत होते असं म्हण किंवा त्याला घाबरत होते असं म्हण, एकच. चौथ्या ओळीत एक शब्द होता, तिथे माझं बोट थांबलं. विकणारी. 'विकणारा' नव्हे. त्याच्यापुढे नाव होतं, एउसेबिया नोरालेस. क्रिसान्तोचं नाव अख्ख्या कागदावर कुठेच नव्हतं.

"लिहिणाऱ्याने चूक केली असेल," मी म्हटलं.

"सही बघा."

सही माझी होती. त्या वेळी मला नावापुरतीच अक्षरं काढता यायची, आणि पहिल्या अक्षराला तीन दांड्या असतात तिथे मी चार द्यायची. आई म्हणायची, हे अक्षर आहे की कंगवा? तो कंगवा तिथे होता.

लिसेत माझ्याकडे पाहत राहिली. आपल्याकडच्या पोरी पूर्वी मोठ्यांकडे अशा पाहत नसत. तो तुझाच प्रताप.

"समितीला मी अजून दाखवलेलं नाही," ती म्हणाली. "हॉटेलवाल्यांचा वकील म्हणणार, या बाईने स्वतःच सांगितलं की मळा हिच्या एकटीचा. एकटीचा म्हणजे गावाच्या जमिनीतला नव्हे. मग विकला तर बिघडलं काय? तुम्ही काय म्हणालात आणि कोणत्या अर्थाने, ते तुम्ही उभं राहून सांगितलंत तर हा कागद पडतो. नाही सांगितलंत तर आपण गावाच्या नावच्या सामायिक जमीन-पट्ट्यावर लढू. तेही चालेल. लंगडत चालेल."

"आणि क्रिसान्तो?"

"काकांचं गावातलं नाव आहे तसंच राहील."

तिने माझ्याकडची अर्धी भाकरी खाल्ली, उरलेली अर्धी मागून घेतली आणि गेली.

तर आता तुला कळलं. की आधीच कळलं होतं?

मला वाटलं होतं ती यादी आहे, फिले. कोणाचा मळा कोणता याची सरकारी यादी, म्हणजे पुढे कोणी घुसू नये. त्या माणसाने विचारलं, हा मळा कोणाचा? मी म्हटलं, माझा. आपण बायका असंच म्हणतो ना? जिने पेरलं ती 'माझा' म्हणते. कंद माझा. खालची जमीन कोणाची नाही, ती आधी गेलेल्यांची आणि मागून येणाऱ्यांची. 'माझा' म्हटलं म्हणजे विकता येतो, असं आपल्यात कोणी धरत नाही. त्याला हे काय माहीत! कागदावर लिहिलंय की मला रक्कम मिळाली. मला मिळाला त्याचा पेन. तो विसरून गेला.

एवढंच झालं.

सेबिया

पुन्ता इकाको, २३ एप्रिल २०१८

फिले,

एवढंच झालं, असं मी लिहिलं होतं. एवढंच झालं नव्हतं.

तुझा निरोप आला नाही. भाकऱ्या पोचल्या असं मावशीची सून सांगते. पत्र तुझ्या हातात होतं की तू न उघडता ठेवलंस, ते तिला सांगता येत नाही. तरी लिहिते, कारण आता थांबले तर ९ तारखेला माझं तोंड उघडणार नाही.

तू नऊच्या बसने गेलीस. तो साडेदहाला आला. मावशी मोठा तवा आणायला घरी गेली होती, मी एकटीच होते. पांढरा सदरा, बगलेत फाईल. मी त्याला कॉफी विचारली. घरात नव्हती, तरी विचारली. तू विचारू नको म्हणालीस म्हणून विचारली.

तो म्हणाला, "तेओफिला नोरालेस यांना भेटायचं होतं. मळ्याचं सगळं त्याच बघतात ना?"

फिले, जो येई तो तुलाच विचारत येई. बातमीदार, पाद्री, राजधानीच्या बाया. माझ्या कोपरापर्यंत कीस लागलेला असायचा आणि मी दार उघडून म्हणायची, थांबा, बोलावते. त्या वर्षी सहा महिने तुझी बोटं मातीत गेली नव्हती. तुझ्या भागातलं तण मी काढत होते. ते मी कधी बोलून दाखवलं नाही. त्या माणसाला दाखवलं.

"ती बोलते," मी म्हटलं. "पेरते मी. मळा माझा आहे."

"सगळा?"

"सगळा."

"खालचा, ओढ्यापर्यंतचा?"

"तोही."

"मग बहिणीचं काय?"

"ती बूट घालून फिरते."

तो हसला. मीही हसले. माझ्या बोलण्यावर शहरातला माणूस हसला याचा मला आनंद झाला, हे लिहायला अकरा वर्षं लागली. त्याने पेन दिला. मी चार दांड्यांचं अक्षर काढलं. मग हात धुतले आणि राहिलेला कसावा किसला. दुपारी कीस रुगुम्यात भरला, ती लांब विणलेली पिशवी आढ्याला टांगली आणि खालच्या काठीवर मी आणि मावशी बसलो, कडू पाणी निथळेपर्यंत. मावशी गाणी म्हणत होती. मीही म्हटली.

यादीबिदी नंतर सुचली. त्या वेळी मी काही विचारलंच नव्हतं. कागद कसला ते विचारलं असतं तर वाचता येत नाही हे कळलं असतं.

चार महिन्यांनी सिमेंटचे खांब आले. यंत्र फिरलं आणि कोवळा कसावा मुळासकट वर आला, बोटाएवढे कंद. हॉटेलचा मुकादम म्हणाला, नोरालेसांच्याच घरातून सही झालीय. तू गावसभा बोलावलीस. सभेच्या आदल्या संध्याकाळी मी क्रिसान्तोला सांगितलं. तो जाळं सांधत होता. हातातली गाठ पुरी केली, मग म्हणाला, "उद्या काय सांगायचं?"

"तू कशाला सांगायचं?"

"तुला किसायला बोलावणार नाहीत," तो म्हणाला. "मळा गेलाच आहे, वर बायकांमधली जागाही जाईल. माझं काय. सही कोणी केली ते मासा विचारत नाही."

मी नको म्हटलं नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं आहे.

त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. लग्नातही तो 'हो' एवढंच बोलला होता, तेही पाद्र्याने दुसऱ्यांदा विचारल्यावर. म्हणून मी एकेक वाक्य सांगत गेले आणि तो शाळेत घातल्यासारखा पाठ करत गेला. माझंच सगळं, नुसतं त्याच्या तोंडाने.

सकाळी तो उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "मी चुकले."

आपल्या भाषेतला बाप्यांचा 'मी' नाही. नुगुया म्हणाला. आपला, बायकांचा.

आपला दादा लहानपणी असा चुकला की आई त्याच्या डोक्याला रुमाल बांधायची, आठवतं? "या बाई, किसायला बसा." त्याचा 'मी' वेगळा आणि आपला वेगळा, ते दुधाच्या दातांबरोबर तोंडात येतं. पन्नाशीच्या बाप्याची त्यात चूक होत नाही. जो दुसऱ्याचं बोलणं बोलतो त्याचीच होते.

सभा खदखदून हसली. मागून कोणी ओरडलं, "काकू, पुढे बोला!" मावशीने डोक्याचा रुमाल सोडून त्याच्यासमोर हलवला. क्रिसान्तोला काय झालं ते कळलंच नाही. तो थांबला, परत पहिल्यापासून सुरू झाला आणि परत तेच म्हणाला. हसणं ओसरलं तेव्हा शिव्या सुरू झाल्या.

सगळ्या सभेत तू एकटी हसली नाहीस. आणि तू त्याच्याकडे पाहतही नव्हतीस. माझ्याकडे पाहत होतीस. मी खाली पाहिलं.

त्यानंतर त्याच्या होडीत कोणी बसलं नाही. दोघांनी ओढायचं जाळं तो एकटा ओढायचा. तुझ्याकडे मोटरसायकलवरची माणसं चौकशीला यायला लागली आणि समितीच्या पोरांनी जीव वाचवायला तुला इथून हलवलं. बसपाशी तू माझा हात धरलास. "अक्का, तुला मला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "काय सांगायचं? वेळेवर जेवत जा."

तू हात सोडलास. तू विचारलंस त्याचा अर्थ मला तेव्हाही कळला होता.

क्रिसान्तो बुडाला नाही. तुला कोणी तसं सांगितलं असेल तर ते खरं नाही. समुद्र शांत होता. होडी आपली आपण वाळूला लागली आणि तो आत बसलेला होता, जाळं मांडीवर. डॉक्टर म्हणाला, हृदय. बरोबर दुसरा माणूस असता आणि लगेच आणलं असतं तर, असंही म्हणाला. दुसरा माणूस का नव्हता ते त्याला कोणी सांगितलं नाही.

सहा वर्षं मी त्याला सांगत होते की मी बोलेन. आधी पाऊस सरू दे, मग ईस्टर होऊ दे, मग त्याचा पाय बरा होऊ दे. तो म्हणायचा, "राहू दे गं. आता सवय झाली." सवय कोणाला झाली ते त्याने सांगितलं नाही.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की आंघोळीच्या वेळी तू काही कळवलं नाहीस. फोनवर कळवलं होतंस. "तो कशाने मळला ते अक्काने आधी सांगावं, मग मी पाणी ओतते." मी मावशीला सांगितलं, फोन लागला नाही. आणि तुझी बादली कोंबड्या प्यायल्या म्हणून वर तुझ्यावरच रुसले. अगं, रुसायलाही मला तूच लागलीस.

९ तारखेला जाणार आहे. लिसेतला सांगितलं. तिने विचारलं, "समितीला आधी सांगू?" मी म्हटलं, नको, एकदाच सांगेन.

सेबिया

पुन्ता इकाको, १२ मे २०१८

फिले,

पहाटे दोन बस भरून आम्ही निघालो. बायकांनी चौकड्यांचे झगे आणि रुमाल घातले होते. पास्तोरा मावशी माझ्या शेजारी बसली, गुडघ्यांत ढोल घेऊन. सत्त्याहत्तर वर्षांची आहे, ढोल कोणाला धरू देत नाही. वाटेत तिने मला उकडलेलं केळं दिलं. "खा. रिकाम्या पोटी खोटंही नीट बोलता येत नाही."

"मी खरं बोलणार आहे."

"मग दोन खा."

न्यायाधीश बाई होत्या, माझ्या निम्म्या वयाच्या. नाव, गाव झालं. म्हणाल्या, "स्पॅनिशमध्ये सांगा."

मी म्हटलं, "सांगते. पण पहिलं वाक्य माझ्या भाषेत सांगू द्या. स्पॅनिशमध्ये बाईचा आणि बाप्याचा 'मी' एकच आहे. त्यात माणूस लपतो."

त्यांनी लिसेतकडे पाहिलं. लिसेत म्हणाली, मी भाषांतर करून सांगेन.

मी मागे वळले. तिथे बाकांवर आपल्या चाळीसएक बायका होत्या. त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "मी चुकले. अकरा वर्षांपूर्वी क्रिसान्तोने तुमच्यासमोर हेच सांगितलं आणि तुम्ही हसलात. ते वाक्य त्याचं नव्हतं."

ढोलावर मावशीचा हात होता, तो घसरला आणि एक ठोका पडला.

मग स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं. किसणं, पांढरा सदरा, तुझे बूट, सगळं. हॉटेलवाल्यांचा वकील उठला. चांगला माणूस दिसत होता, रुमालाने चष्मा पुसत होता.

"तुम्हाला तेव्हा वाचता येत नव्हतं?"

"नाही."

"मग सही कशी केलीत?"

"तुमच्या माणसाच्या पेनाने." मी तो पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. शाई कधीच संपली आहे.

"मळा माझा आहे, असं तुम्ही म्हणालात की नाही?"

"म्हणाले. नवऱ्यालाही मी माझाच म्हणायची. तो विकता येत होता का?"

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीश बाईही हसल्या. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यालाही मी विकलंच होतं. पुढचा प्रश्न मला ऐकू आला नाही, लिसेतने परत विचारायला लावला.

निकाल लागलेला नाही. जूनमध्ये न्यायाधीश बाई मोजणीवाले घेऊन मळा पाहायला येणार आहेत. तोवर हॉटेलवाल्यांनी तिथे एक खांबही रोवायचा नाही, असं त्यांनी लिहून दिलं. लिसेत म्हणते, आता आपण लंगडत नाही.

परत येताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मागे बायका उभ्या होत्या. पास्तोरा मावशी सत्त्याहत्तर वर्षांची, दांडा धरून दोन तास उभी राहिली, पण बसली नाही. मी बसून होते. उठून तिला जागा द्यायची मला हिंमत झाली नाही, तिने ती घेतली नसती तर मग मी कुठे गेले असते?

गावात उतरल्यावर ती माझ्या फाटकापाशी थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अकरा वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या गं, सेबिया. वाळूत दिसला की थुंकायची. आता त्या शिव्या कुठे ठेवू?"

ती ढोल घेऊन गेली. शनिवारी तिच्याकडे किसायला बसतात. मला काही ती ये म्हणाली नाही.

आज शनिवार आहे. किसण्याचा आवाज इथवर येतो आहे. मी फळी घेऊन गेले नाही. ती दुसऱ्या कामाला लागली आहे, ते सांगते.

कोर्टाच्या दुसऱ्या दिवशी मी उजाडताच उठले आणि घरामागे खड्डा खणला, त्याच जागी. माती मऊ होती. क्रिसान्तोचा सदरा पेटीत होता तो धुतला, वाळवला, टॉवेल आणि साबण मांडला. विहिरीवरून बादल्या आणल्या. ही आंघोळ दोनदा घालत नाहीत, मला माहीत आहे. पण पहिल्या वेळी मी मळकं पाणी ओतलं होतं. चार बादल्या मी ओतल्या आणि प्रत्येकीला 'मी चुकले' म्हटलं, आपल्या 'मी'ने. पाचवीच्या वेळी कुंपणातून मावशी आली. तिने बादली घेतली आणि ओतली, "घे रे बाबा, हे तुझं पाणी." मग परत विहिरीवर गेली, आणखी एक भरून आणली आणि तीही ओतली. ती शिव्यांची, म्हणाली, आणि गेली.

सातवी तुझी. ती मी भरली. तुला न विचारता एकदा तुझा मळा दिला होता, म्हणून ओतली नाही. कोंबड्या पिऊ नयेत म्हणून तिच्यावर माझी किसणीची फळी झाकली आणि खड्डा उघडा ठेवला.

सेबिया